कमान आणि टाय: १२० मीटरच्या बोस्ट्रिंग पुलाच्या प्रकल्प नोंदी

पंचगंगेच्या खोऱ्यात एकाच गाळ्यात, म्हणजे मधे खांब न घेता, नदी ओलांडणारा पूल कसा बसेल, याचं हे प्राथमिक डिझाइन. टेंडरसाठी नाही, कुणी सांगितलं म्हणूनही नाही. सोबत एकास चाळीस प्रमाणातलं लोखंडी मॉडेल कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये बांधलं. मी, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षातले एक मुलगा आणि एक मुलगी, आणि शेडमधले वेल्डर मामा एवढीच टीम. ज्यांना असंच काही करायचं आहे त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून नोंदी ठेवल्या आहेत. पुस्तकात मिळतं ते इथं पुन्हा लिहीत नाही.

१४ ऑक्टोबर २०२४

पूल कुठल्या प्रकारचा हवा, हे नदीनंच ठरवलं. पात्र काठापासून काठापर्यंत शंभरेक मीटर. दोन्हीकडं ऊस, आणि पूर आला की पाणी उसात लांबवर पसरतं. पुराची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महापुराच्या पातळीवर सव्वा ते दीड मीटर मोकळी जागा सोडायची, त्यावर गर्डरची (तुळईची) जाडी आणि त्यावर रस्ता. म्हणजे गर्डर जितका जाड, तितका रस्ता उंच.

रस्ता उंच केला की जोडरस्त्याचा भराव वाढतो, आणि पुराच्या पाण्याला भराव म्हणजे आडवा बांधच. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्यावर भराव की खांबांवरचा रस्ता यावर कोल्हापुरात घराघरात वाद झाले आहेत, त्यामुळं हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ४० मीटरचे प्रीस्ट्रेस गर्डर वापरले तर स्लॅबसकट अडीच मीटर जाडी जाते, शिवाय दोन पिअर (खांब) पाण्यात. बोस्ट्रिंगमध्ये वजन वरच्या कमानीला टांगलेलं असतं. रस्त्याच्या खाली फक्त क्रॉस गर्डर (रुंदीच्या दिशेची आडवी तुळई), तो दीड मीटरमध्ये बसतो. एक मीटर वाचला. तीसास एक चढ धरला तर दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटर भराव कमी.

साधी कमान का नको? कमान पाय बाहेर ढकलते. तो रेटा घ्यायला काठाला कातळ लागतो. इथं वर काळी माती आणि गाळ, कातळ बराच खाली. टाय म्हणजे दोन्ही पाय एकमेकांना बांधून ठेवणारा गर्डर. तो रेटा आपल्या अंगावर घेतो, आणि पिअरवर फक्त उभं वजन उतरतं. आपल्याकडं याचं मोठं उदाहरण म्हणजे राजमहेंद्रीचा गोदावरीवरचा रेल्वे पूल. १९९७ साली पूर्ण झालेला, ९७.५५ मीटरचे २८ गाळे, सगळ्या काँक्रीटच्या बोस्ट्रिंग कमानी. आपण स्टील घेतलं, कारण नदीत सेंटरिंग (काँक्रीटला खालून धरणारा तात्पुरता सांगाडा) उभं ठेवायला मिळणारे महिने फार थोडे आहेत. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

२७ ऑक्टोबर

पहिले आकडे. गाळा १२० मीटर, कमानीची उंची २० मीटर, म्हणजे एकास सहा. दोन लेन, साडेसात मीटर रस्ता, दोन्हीकडं दीड-दीड मीटर फुटपाथ. हँगर (कमानीपासून रस्ता टांगून धरणारे दांडे) दर ८ मीटरवर, एका बाजूला १४.

स्लॅब, वेअरिंग कोट, कठडे आणि अंदाजे ४५० टन स्टील धरून पुलाचं स्वतःचं वजन मीटरला साडेतेरा टनांच्या जवळ जातं. एका कमानीच्या वाट्याला पावणेसात टन. टायमधला ताण काढायचा तर भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठ पट. उत्तर आलं सुमारे ६०० टन. गाड्यांचे आणखी २०० टन: आयआरसी ६ (पुलांवरच्या भारांचे भारतीय नियम) प्रमाणे क्लास ए या ठरावीक गाड्यांच्या दोन रांगा, ५५.४ टनांची एक गाडी, आणि ४५ मीटरच्या पुढच्या स्टीलच्या गाळ्याला १५.४ टक्के इम्पॅक्ट (धावत्या गाडीच्या झटक्याची वाढ). एकूण ८०० टन. क्लास ७०आर ची १०० टनांची गाडी क्रॉस गर्डर आणि हँगरना जड जाते, पूर्ण कमानीला नाही.

हे ८०० टन ज्या टायमध्ये आहेत तो तुटला तर दुसरं काही धरून ठेवत नाही. पूल बघायला आलेला माणूस कमानीचा फोटो काढतो. डिझाइन करणाऱ्यानं निम्म्याहून जास्त वेळ टायला आणि कमान जिथं टायला भेटते त्या पायाला द्यावा, असं माझं मत पहिल्या आठवड्यातच झालं. पुढच्या प्रत्येक नोंदीत ते आणखी पक्कं होत गेलं.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली बैठक. उंची १५ करून पाहिली. टायचा ताण एक तृतीयांशानं वाढला. २४ करून पाहिली. ताण कमी झाला, पण कमान लांबली आणि बाजूला कलंडू नये म्हणून ब्रेसिंग (दोन कमानींना वरून जोडणाऱ्या तुळया) वाढलं. शेवटी २० वरच ठेवली.

ब्रेसिंग पायापासून लगेच सुरू करता येत नाही, खालून गाड्या जायच्या असतात. साडेपाच मीटर मोकळी उंची, ब्रेसिंगची जाडी आणि थोडी जागा धरली तर पहिलं ब्रेसिंग दुसऱ्या हँगरवर बसतं, तिथं कमान टायपासून ९.२ मीटर वर आहे. म्हणजे पायापासून सोळा मीटर कमान उघडी. त्या भागाला पोर्टल फ्रेम (दारासारखी चौकट) म्हणून वेगळं तपासावं लागतं. कमान आडवी वाकण्याचा धोका तिथंच जास्त.

हंगामात इथले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात आणि ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला असतो. त्यामुळं हँगर रस्त्याला चिकटून ठेवायचेच नाहीत. आधी रस्ता, मग क्रॅश बॅरियर, मग हँगर, मग फुटपाथ. कमानींमधलं अंतर त्यानं वाढलं, क्रॉस गर्डर जड झाला. तो खर्च मान्य आहे.

२४ नोव्हेंबर

टाय किती ताणला जाईल? प्लेटचं क्षेत्रफळ ६०,००० चौरस मिमी धरलं तर नुसत्या स्वतःच्या वजनानं तो ६० मिमी लांबतो. पाय ६० मिमी लांब गेले की कमानीचा शेंडा साधारण तेवढाच खाली येतो. पोरांनी कॅम्बरमध्ये (पूल आधीच जितका चढा बनवायचा त्या मापात) हे ६० मिमी धरले होते. पण कमान दाबाखाली असते, ती स्वतः आखडते, आणि त्यानं शेंडा आणखी तेवढाच उतरतो. दोन्ही मिळून १२० मिमी. शेडमध्ये कमान तेवढी चढी बनवली नाही तर रस्ता मधे बसलेला दिसणार, आणि पावसाचं पाणी तिथंच साठणार.

बेअरिंगलाही (पूल पिअरवर ज्यावर टेकतो त्याला) याचा हिशेब लागतो. तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर १२० मीटर स्टील ५८ मिमी हलतं. सरकतं बेअरिंग बसवताना ते मध्यावर न बसवता आतल्या बाजूला सरकवून बसवायचं, म्हणजे स्लॅब पडल्यावर ते मध्यावर येतं.

१५ डिसेंबर

मॉडेल सुरू. गाळा ३ मीटर, उंची ५०० मिमी. कमान आणि टाय दोन्ही २० बाय २० चा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप. पहिला पाइप रोलरमध्ये घातला आणि आतली बाजू चेपली. पातळ पाइप असाच वागतो. दुसऱ्या पाइपात कोरडी चाळलेली वाळू ठासून दोन्ही टोकं टॅक मारून बंद केली, मग रोल केला. चेपला नाही. पण रोलरमधून निघाला की पाइप थोडा उघडतो. पहिल्यांदा उंची ४८० च आली. पुन्हा पास दिल्यावर ४९४ वर थांबलो, कारण ५०० च्या मागं लागून एका कमानीत पीळ पडला होता. दोन्ही कमानी एकसारख्या असणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. हिशेबात ४९४ घेतला.

आजवरचा खर्च: पाइप, पट्ट्या आणि रोलिंग मिळून ६,२०० रुपये. त्यातले १,१०० वाया गेलेल्या पाइपांचे.

५ जानेवारी २०२५

पायाचा सांधा. वेल्डिंगला सोपं म्हणून कमानीचा पाइप टायच्या पाठीवर टेकवून जोडला. डोळ्याला ठीक दिसतं. मधोमध काँक्रीटचे दोन-चार क्यूब (ठोकळे) ठेवून पाहिले तर टाय पहिल्या दोन खणांत (दोन हँगरमधल्या भागांत) वाकला.

कारण साधं आहे. कमानीची मध्यरेषा, टायची मध्यरेषा आणि बेअरिंगचा मध्य, तिन्ही एका बिंदूत यायला हव्यात. आपल्याकडं कमानीची रेषा टायच्या रेषेला बेअरिंगच्या पंधरा मिमी आत भेटत होती. खऱ्या पुलात ८०० टनांवर १०० मिमीचा फरक राहिला तर ८० टन-मीटरचा फुकटचा मोमेंट (वाकवणारा जोर) पायात बसतो, आणि तोही वेल्ड सगळ्यात दाट असतात तिथं.

सांधा कापला. आता ५ मिमीच्या दोन गसेट (जोड) प्लेटा, त्यांच्यामध्ये कमान आणि टाय, तिन्ही रेषा आधी प्लेटवर सुईनं आखून पंच मारलेल्या. मामांनी गुनिया आणि ओळंबा लावून चारही पाय एका पातळीत आणले. वेल्डिंगनं ओढ घेऊ नये म्हणून समोरासमोरच्या पायांवर आळीपाळीनं वेल्डचे छोटे रन. एकाच पायावर रन मारत बसलं असतं तर फ्रेम फिरली असती.

२ फेब्रुवारी

हँगर. दोन मिमीची स्प्रिंगची तार, वर कमानीतून ओवलेली, खाली एम ६ चा डोळ्याचा बोल्ट. एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिमी.

ताण मोजायला तारेला टिचकी मारायची आणि फोनवरच्या ॲपमध्ये आवाजाची कंपनसंख्या वाचायची. तार जितकी ताणलेली तितकी कंपनसंख्या जास्त. खऱ्या पुलांवरही हँगरचा ताण असाच मोजतात, तिथं फोनऐवजी कंपनमापक चिकटवतात. डेकवर (रस्त्याच्या भागावर) सगळीकडं सारखं वजन ठेवल्यावर प्रत्येक हँगरला आठ किलोंच्या जवळपास ताण यायला हवा. मधल्या लांब तारेत साठेक हर्ट्झ मिळाले, हिशेबाशी जुळलं.

टोकाच्या आखूड तारांनी मात्र छळलं. तिथं ॲपच्या आकड्यावरून पंचवीस किलो ताण निघत होता. पोरांनी विश्वास ठेवून नट सैल केला, तर तार लोंबायला लागली. दहा सेंटिमीटरची तार तार न राहता सळईसारखी वागते. तिच्या स्वतःच्या ताठरपणानं कंपनसंख्या वाढते आणि सूत्र ते ताण म्हणून मोजतं. उपाय: तेवढ्याच लांबीची तार, तशीच टोकं, तिला शेडच्या तुळईखाली टांगून आठ किलोंचं वजन लावलं, टिचकी मारली, कंपनसंख्या लिहिली, आणि पुलावरची तार त्या आकड्याला आणली. हीच अडचण खऱ्या पुलाच्या पहिल्या आणि शेवटच्या हँगरला येते. तिथं जॅक लावून ताण थेट वाचावा, कंपनावर विसंबू नये.

९ फेब्रुवारी

डावीकडून एकेक हँगर ओळीनं बरोबर आकड्याला आणत गेलो. उजवीकडं पोचेपर्यंत डावीकडचे सैल. बाज आवळताना एक दोरी ओढली की शेजारची सैल पडते, तसंच.

मग पद्धत बदलली. एका हँगरला पाव फेरा द्यायचा आणि त्या बाजूच्या चौदाही हँगरमध्ये काय बदललं ते लिहायचं. मग पुढचा. चौदा ओळी आणि चौदा रकान्यांचा तक्ता तयार झाला. तो स्प्रेडशीटमध्ये उलटा सोडवला, तर कुणाला किती फेरे हवेत हे एकदम मिळालं. दोन्ही टोकांकडून मध्याकडं, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, निम्मे फेरे आधी आणि निम्मे नंतर. ताण आठ किलोंच्या आसपास अर्ध्या किलोच्या फरकात बसले.

आखूड हँगरला पाव फेरा म्हणजे लांब हँगरच्या पाव फेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त ताण, हे त्या तक्त्यात स्पष्ट दिसतं. म्हणून खऱ्या पुलाच्या ड्रॉइंगमध्ये हँगरची ताण नसतानाची लांबी लिहायची, आणि आखूड हँगरची कारखान्यातली चूक-मर्यादा सगळ्यात कडक ठेवायची.

२ मार्च

पूर्ण भार. वजनाला एका रेडिमिक्स प्लांटवरचे न फोडलेले १५० मिमीचे क्यूब मागून आणले. प्रत्येक क्यूब वजन करून वर खडूनं लिहिलं, कुठला ८.१, कुठला ८.४ किलो. एका खणात दोन, एकूण ३०, मिळून २४७ किलो. टायमध्ये दोन्ही बाजूंना एस आकाराचा लोडसेल (ताण मोजणारं उपकरण) घातला आहे. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातून दोन सेल आणि डिस्प्ले मिळून ९,४०० रुपये. या सगळ्या कामातला हा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात उपयोगी.

एका कमानीवर १२३.५ किलो. हिशेबानं टायमध्ये ९४ किलो यायला हवेत. एका डिस्प्लेवर ५८, दुसऱ्यावर ७१.

आधी सेलवर शंका घेतली. काढून वजनं टांगून तपासले, दोन्ही बरोबर. मग उरलेला रेटा गेला कुठं? टायनं घेतला नाही म्हणजे स्टँडनं घेतला. सरकत्या टोकाखाली १२ मिमीच्या सळईचा रोलर आहे, दोन प्लेटांच्या मध्ये. क्यूब उतरवून रोलर काढला. खालच्या प्लेटवर वेल्डिंगचे स्पॅटर, मोहरीपेक्षा लहान दाणे, आणि त्यावर प्रायमरचा थर. मॉडेलचा टाय भाराखाली मिमीच्या दहाव्या भागाएवढाच लांबतो. तेवढी हालचाल अडवायला एक दाणा पुरेसा. टोक अडकलं, स्टँड जमिनीला बोल्टनं पक्का, म्हणून आमची बोस्ट्रिंग कमान निम्मीशी साधी कमान होऊन बसली होती.

प्लेट घासून, पॉलिश पेपर मारून, ग्रीस लावून पुन्हा भार. ८९ आणि ९०.

उरलेले चार-पाच किलो कुठं गेले ते मुलीनं शोधलं. तिनं पूर्ण भाराच्या वर आणखी एक थर चढवला आणि मग तो उतरवला. पुन्हा तेच ३० क्यूब, पण आता डिस्प्लेवर ९८. घर्षण नेहमी हालचालीच्या उलट. भार चढताना टोक बाहेर सरकतं, घर्षण टायला मदत करतं. उतरवताना तेच घर्षण टायवर चढतं. दोन्हींची सरासरी ९४. एवढा नेमका आकडा पाहून शेडमधले सगळेच कामं सोडून येऊन उभे राहिले.

यावरून डिझाइनमध्ये दोन गोष्टी घातल्या. पिअरचा माथा बेअरिंगच्या घर्षणाचं बळ घेईल असा तपासला. आणि बेअरिंगपर्यंत माणूस पोचेल, ते धुऊ शकेल, जॅक लावून बदलू शकेल अशी जागा पिअरवर सोडली. आपल्याकडं पुराचा गाळ आणि उसाचा पाचोळा बेअरिंगवर हमखास साठतो. बेअरिंग अडकलं की ज्या पिअरला आडवा रेटा येणारच नव्हता त्याला तो यायला लागतो.

२३ मार्च

अर्धा भार. फक्त डाव्या निम्म्यात १५ क्यूब. पूर्ण भाराला पाव गाळ्यावर डायल गेज दीड मिमी दाखवत होता. अर्ध्या भाराला डावीकडं ६ मिमी खाली, उजवीकडं ५ मिमी वर. निम्मं वजन आणि चौपट वाक. उजवीकडचे दोन हँगर हाताला सैल लागले.

कमान एकसारख्या भाराला दाबात उभी राहते. भार एकीकडं झुकला की तिला वाकावं लागतं. तो वाक कमान आणि टाय आपापल्या ताठरपणाच्या प्रमाणात वाटून घेतात. १२० मीटरच्या पुलात गाड्यांचा अर्धा भार जवळजवळ ५०० टन-मीटर मोमेंट देतो. टाय ताठ ठेवला तर कमान सडपातळ करता येते. आम्ही वाक टायकडं ढकलला, कारण टायला गाड्यांचा भार तसाही सोसायचा आहे आणि तिथं देखभाल रस्त्यावरून करता येते.

स्लॅबचं काँक्रीट एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं ओतत गेलं तर हाच अर्धा भार ओल्या काँक्रीटचा येतो, आणि तो गाड्यांपेक्षा जड असतो. ड्रॉइंगवर ओतण्याचा क्रम लिहिला: दोन्ही टोकांकडून सारखे तुकडे, मध्याकडं.

६ एप्रिल

एक हँगर मुद्दाम तोडला. डाव्या बाजूचा सातवा, पूर्ण भार असताना, कटरनं. फाटकन आवाज आला, डेक हलला, क्यूब जागेवर राहिले. शेजारच्या दोन हँगरचा ताण साडेआठवरून साडेबारा किलोंवर गेला, म्हणजे दीडपट. पुढच्यांवर फारसा फरक नाही.

हे करायचं कारण तैवानमधला नानफांगआओ पूल. १४० मीटरचा, एका कमानीचा, १९९८ साली बांधलेला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी एक हँगर तुटला, मग ओळीनं बाकीचे, आणि पूर्ण डेक खालच्या बोटींवर कोसळला. सहा माणसं गेली. केबलच्या आतल्या तारा गंजल्या होत्या, वरून दिसत नव्हत्या. अशा पुलात गंज लपून राहायला जागा मिळणं हेच सगळ्यात भयंकर, आणि ते डिझाइन करतानाच टाळता येतं.

आमच्या डिझाइनमध्ये म्हणून कुठलाही एक हँगर नसताना पूल उभा राहतो, तुटण्याचा झटका धरून. हँगरचं खालचं टोक डेकच्या आत गाडलेलं नाही. ते टायच्या पाठीवर उघड्या पिनवर आहे, पाणी साठेल असा पेला कुठंही नाही, आणि रस्ता एका लेननं चालू ठेवून हँगर बदलता येतो. पिन महाग पडते. पण शिडीवरून माणसाला ती बघता येते, हात लावता येतो.

१३ एप्रिल

काल जोतिबाच्या यात्रेमुळं शेड बंद होतं. आज निवांत होतं म्हणून खऱ्या पायाच्या सांध्याचं ड्रॉइंग मामांपुढं ठेवलं. आतली रुंदी ५०० मिमी, आत चार डायाफ्राम (आडव्या प्लेटा), कमान ३४ अंशांच्या कोनात येते. मामांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "साहेब, वेल्डिंगचा टॉर्च आत जाईल. पण टॉर्च धरणारा हात कुठनं घालायचा?"

मग १२ मिमी प्लायमध्ये तो सांधा पूर्ण मापाचा बनवला. प्लाय आणि पट्ट्यांचे ७,८०० रुपये. मामा हेल्मेट घालून, हातात बंद टॉर्च घेऊन आत शिरायला लागले. खांदे आत, कोपर वळेना. कमानीची खालची प्लेट आणि टायची वरची प्लेट जिथं मिळतात त्या ३४ अंशांच्या खाचेत टॉर्चचं तोंड टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणजे सगळ्यात जास्त बळाचा वेल्ड अर्धवट राहिला असता. संगणकावर तो सांधा हिरवा, म्हणजे पास, दाखवत होता.

नवा सांधा: आतली रुंदी ७०० मिमी. डायाफ्राममध्ये माणूस सरपटेल एवढी भोकं, कडा घासून गोल केलेल्या. खाचेच्या जागी दोन्ही प्लेटांना गोलाईनं जोडणारी एक वळणप्लेट, त्यामुळं वेल्ड टोकदार कोपऱ्यातून बाहेर आले. शेवटची प्लेट बाहेरून बंद करायची, मागं पट्टी देऊन. जाड प्लेटेवर जिथं ओढ जाडीच्या दिशेनं येते तिथं जाडीच्या दिशेला चाचणी केलेली प्लेट मागवायची, नाहीतर ती थरांमध्ये फाटते. टाय आणि कमान दोन्ही रुंद झाले, स्टील वाढलं. प्लायचा सांधा शेडच्या माळ्यावर आहे. कुणाला आत शिरून बघायचा असेल तर मामा खाली काढून देतात.

४ मे

उभारणी. पोरांनी उन्हाळ्यात कोरड्या पात्रात ट्रेसल (तात्पुरते आधार) उभे केलेले दाखवले होते. पंचगंगेचं पात्र उन्हाळ्यात कोरडं नसतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात, आणि मागं मैलोनमैल पाणी तुंबून राहतं. दोन्ही काठांच्या उपसा योजना त्यावर चालतात. पूल बांधायचा म्हणून बरगे काढा असं कुणी सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. उपसाबंदीचे थोडे दिवस सोडले तर पाणी धरूनच चालायचं.

म्हणून क्रम असा: ट्रेसलचे स्टील पाइल (तळात ठोकायचे खांब) बार्जवरून, म्हणजे तराफ्यावरून, डिसेंबरात. टाय आणि क्रॉस गर्डर काठावर जोडून ट्रेसलवरून रोलरनं पुढं सरकवायचे. त्यावर छोटे टॉवर, त्यावर कमानीचे तुकडे. कमान बंद झाल्यावर हँगर, मग ट्रेसल सोडायचे आणि पूल पहिल्यांदा स्वतःच्या टायवर उभा राहील. स्लॅब त्यानंतर.

३० मे

ट्रेसल पाण्यातून काढायची शेवटची तारीख आम्ही ३१ मे धरली होती. यंदा पावसानं मे महिन्यातच झोडपलं, मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला होता. तुंबलेल्या पाण्यावर पुराचं पाणी चढलं की वाहून आलेली झाडं ट्रेसलमध्ये अडकतात, आणि अर्धवट कमान ट्रेसलवर असेल तर सगळंच जातं.

वेळापत्रक मागं ओढलं. कमान बंद करणं मार्चअखेर, ट्रेसल सोडणं १५ एप्रिल, पाइल उपसून बाहेर काढणं ३० एप्रिल. एवढ्यात बसत नसेल तर त्या वर्षी कमान चढवायचीच नाही, टाय आणि क्रॉस गर्डर काठावर ठेवून पुढच्या डिसेंबरची वाट बघायची. हे वाक्य ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत घातलं आहे.

पोर्टल फ्रेमच्या आडव्या बकलिंगचा (दाबाखाली बाजूला वाकण्याचा) हिशेब ७०० मिमी रुंदीनं पुन्हा करायचा बाकी आहे. वजन वाढल्यामुळं टायचा ताण ६०० वरून ६२० टनांच्या आसपास जाईल असं दिसतं, त्याप्रमाणे कॅम्बर आणि बेअरिंगचं सरकवणंही बदलेल. पुढची नोंद त्या आकड्यांची.